आमचा वाटाड्या हरला तेव्हा

लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या बाईला आपण काय काम करतो, हे जिलेबी वाढायला येईपर्यंत सांगून संपवता आलं पाहिजे, अशी एक साधी कसोटी मी नोकरीला लावते. माझी आधीची नोकरी या कसोटीला उतरायची. धुळ्याच्या एका कॉलेजात मी तासिका तत्त्वावर संख्याशास्त्र शिकवत होते. "शिकवते" म्हटलं की बाईचं समाधान व्हायचं आणि ती सरळ माझ्या लेकीच्या, पल्लवीच्या लग्नाचं विचारायची. गेली काही वर्षं मात्र माझी पंचाईत झाली आहे. "क्रिप्टो चलनाची अदलाबदल सगळ्यात फायद्यात कुठल्या वाटेने होईल, ते शोधणाऱ्या कंपनीत आहे," असं म्हटलं की शेजारची बाई एक तर पदर सावरून थोडी लांब सरकते, नाहीतर आणखी जवळ येऊन हळूच विचारते, "मग कोणतं घेऊ?"

मला विचारू नका. मी आजवर त्यातलं एकही नाणं घेतलेलं नाही. आमच्या कंपनीचा मालक हेमंत, हा माझा जुना विद्यार्थी. वर्गात त्याने माझ्या एका गणिताला माझ्यापेक्षा आखूड रीत काढून दाखवली होती, तेव्हाच मला शंका आली होती की हा मुलगा काहीतरी भलतं करणार. त्याने जळगावात ठिबकच्या नळ्यांच्या दुकानावर दोन खोल्या घेतल्या, दोन प्रोग्रामर ठेवले आणि एके दिवशी मला फोन केला. "मॅडम, शक्यतेचं गणित सांगणारं माणूस पाहिजे. पगार वेळेवर देईन." तासिका तत्त्वावर काम केलेल्या माणसाला शेवटच्या वाक्याचा मोह आवरत नाही. मी धुळ्याचं घर बंद करून जळगावला आले.

आता धंदा सांगते. बाजाराचा दिवस आहे आणि तुम्ही साक्रीच्या बाजारात पोतंभर नागली घेऊन आलात, असं समजा. तुम्हाला पाहिजे तूप. पण तूपवालीला नागली नको, तिला पाहिजे लसूण. लसणीवाला नागली घेईल, पण कमी भावाने. पलीकडे एक चारोळीवाला आहे, तो नागलीला भाव चांगला देतो आणि तूपवालीला चारोळीही चालते. म्हणजे एका वाटेने गेलात तर तुपाचा एक डबा येईल आणि दुसऱ्या वाटेने गेलात तर डब्यावर वाटीभर जास्त. शिवाय प्रत्येक दुकानी उभं राहायचं भाडं वेगळं. त्यात आणखी एक मेख आहे. एकाच दुकानात सगळं पोतं ओतलं तर दुकानदार पहिल्या पायलीला चांगला भाव देतो, आणि ढीग वाढत गेला की नाक मुरडायला लागतो. म्हणून थोडी नागली इथे, थोडी तिथे अशी वाटून विकावी लागते. क्रिप्टोच्या बाजारात अशी दुकानं हजारोंनी आहेत, भाव क्षणाक्षणाला हलतात आणि दुकानात माणूस कुणीच नसतो.

यावर कुणीतरी युक्ती काढली. बाजाराच्या तोंडाशी लिलाव ठेवायचा. तुम्ही फक्त सांगायचं: माझ्याकडे हे आहे, मला ते पाहिजे, आणि कमीत कमी एवढं तरी मिळालं पाहिजे. मग आमच्यासारख्या पाच-पन्नास कंपन्यांची मशिनं मनातल्या मनात सगळा बाजार फिरून येतात आणि ओरडतात, "माझ्या वाटेने एवढं मिळेल!" जो सगळ्यात जास्त देईल, त्याला काम. पापड भाजायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात सगळं आटपतं. आमच्या मशीनचं नाव हेमंतने ठेवलं 'वाटाड्या'. मशीन म्हणायचं आपलं, तो आहे एक प्रोग्राम, आणि तो राहतो परदेशातल्या भाड्याच्या कॉम्प्युटरवर. माझं काम, तो का जिंकला आणि का हरला हे रोज तपासायचं.

सुरुवातीला वाटाड्याला भटकायचा भारी नाद होता. जळगावहून धुळ्याला जायला सांगावं, तर हा सुरत बघून येणार. एकदा त्याने एका गिऱ्हाइकासाठी अशी वाट काढली की नाणं सात दुकानं फिरून शेवटच्या दुकानात पोचलं. कागदावर हिशेब फारच सुंदर दिसत होता. आम्ही चौघांनी त्याचं कौतुक केलं, खालून भजी मागवली. संध्याकाळी लक्षात आलं की सात दुकानांचं भाडं धरलं तर ती वाट सरळ रस्त्यापेक्षा महाग पडली होती. हेमंत दोन दिवस भज्यांकडे बघत नव्हता.

दुसरा धडा याहून कडू. एका आठवड्यात वाटाड्या सगळेच लिलाव जिंकायला लागला. प्रोग्रामर पोरं आनंदाने नाचायची बाकी होती. मी मात्र कागद तपासायला घेतले. चाळीस हुशार पोरांच्या वर्गात एकच पोरगा रोज सगळ्यांच्या पुढे उत्तर देत असेल, तर तो फार हुशार असतो किंवा त्याच्याकडे मागच्या वर्षीचा पेपर असतो. वाटाड्याकडे मागचा पेपर होता. एका दुकानाचे बदलून गेलेले, शिळे भावच त्याला अजून दिसत होते आणि त्या भरवशावर तो गिऱ्हाइकांना वाटेल ते कबूल करत सुटला होता. आमच्या धंद्यात कबूल केलं ते द्यावंच लागतं, कमी पडलं तर खिशातून. तेव्हापासून आमच्या ऑफिसात जिंकल्यावर चहा येत नाही. जास्त जिंकलो की सगळे गंभीर होतात आणि तपासायला बसतात. हरलो, तर मात्र निदान एवढं कळतं की गिऱ्हाइकाला कुणीतरी आमच्यापेक्षा जास्त दिलं. हे तत्त्व मला फार आवडायचं. माझे व्याही या धंद्यात पडेपर्यंत.

पल्लवीचे सासरे म्हणजे नाना. उभी नोकरी वरणगावला काढली आणि निवृत्त होऊन धुळ्यात घर बांधलं. अत्यंत मानी माणूस. मांडवात त्यांच्या मामांना फेटा उशिरा बांधला गेला, ही गोष्ट ते अजून आम्हाला हसत हसत सांगतात आणि त्या हसण्याची मला भीती वाटते. त्यांची बायको कमलताई, माझी विहीण, मनाने मोकळी आणि जिभेने त्याहून मोकळी. पण दोन्ही गुडघे गेलेले. खुर्चीतून उठताना तोंडातून आवाज येऊ नये म्हणून ती मुद्दाम मोठ्याने कुणालातरी हाक मारायची. पल्लवीने मला हे सांगितलं तेव्हा मला रडू आलं होतं. डॉक्टरांनी दोन्ही गुडघे बदलायला सांगितले होते आणि तारीखही ठरली होती. पैशांची काळजी नव्हती, कारण नानांनी निवृत्तीच्या पैशांतला एक भाग खास त्यासाठी बँकेत ठेवला होता, असं कमलताई समजत होती.

एका सकाळी नानांचा फोन आला. आवाज इतका हळू की मला वाटलं, कुणाच्या तरी अंत्यदर्शनाला उभे आहेत.

"इहीनबाई, ते पैसा बँकमा नही शेतस."

वरणगावच्या एका मित्राच्या नादाने नानांनी ते पैसे क्रिप्टोत घातले होते. तेही नावाजलेल्या नाण्यात नाही, तर मित्राच्या भाच्याने सुचवलेल्या एका अगदी आडगावच्या नाण्यात. नाणं आधी पडलं, नानांची झोप गेली, मग दैवाने वर आलं. आता ऑपरेशनआधी त्यातून बाहेर पडायचं, नाणं मोडून रुपये करायचे, कर भरायचा आणि कमलताईला काही कळू द्यायचं नाही. त्यांना कळलं होतं की हे काम वाट शोधणाऱ्या कंपन्या करतात आणि त्यातली एक आपल्या सुनेच्या आईची आहे. माझी नव्हती, पण व्याह्यांना एवढा फरक सांगत बसायचा नसतो.

"लिलावात टाका नाना," मी म्हटलं, "चांगला भाव मिळेल."

"तुम्ही शेतस तर मी लिलावमा कसाले जाऊ?"

आमच्याकडे ही एक पद्धत आहे. दाखला काढायचा असो, दवाखाना असो की बसची जागा, आधी तिथे आपला माणूस कोण आहे ते शोधायचं. आपला माणूस असताना परक्याकडून काम करून घेतलं तर आपल्या माणसाचा अपमान होतो, आणि आपला माणूस असून त्याने काम केलं नाही तर आपला होतो. मी नानांना समजावलं की लिलावात नाव दिसत नाही, नातं दिसत नाही, तिथे सगळे सारखे. नाना म्हणाले, तेच तर वाईट आहे. मग त्यांनी अभिमानाने सांगितलं की लिलाव टाळून थेट बाजारात नाणं सोडायची सोयही त्यांनी शोधून काढली आहे, म्हणजे काम सरळ आमच्याकडेच येईल. तिथे एक रकाना असतो: ठरल्यापेक्षा किती कमी मिळालं तरी चालेल? लोक तिथे अगदी थोडं लिहितात. नानांनी लिहिलं होतं, निम्मं.

"निम्मं?" मी ओरडलेच.

"आपला मानूससंगे काय घासाघीस करानी? निम्मं भेटनं तरी चाली, असं लिखेल शे मी. तुमनी कंपनीले बी चार पैसा भेटाले पायजेत."

हा त्यांचा चांगुलपणा होता. सुनेच्या माहेरच्या माणसांशी भाव करायचा नाही, हे त्यांच्या रक्तात होतं. पण थेट बाजारात असं लिहून नाणं सोडायचं म्हणजे साक्रीच्या बाजारात उभं राहून ओरडायचं, की मी तूप घ्यायला आलोय आणि दुप्पट भाव लावलात तरी घेणार. तिथे कान टवकारून बसलेली मशिनं असतात. तुमचं ओरडणं ऐकलं की ती तुमच्या आधी धावतात, सगळं तूप उचलतात आणि तुम्हालाच चढ्या भावाने विकतात. त्यात हे नाणं आडगावचं, त्याची दुकानं मोजकी. नानांच्या चांगुलपणाचा निम्मा भाग कुठल्यातरी अनोळखी मशीनने गिळला असता आणि आमच्या कंपनीला त्यातली फुटकी कवडीही मिळाली नसती.

"नाना, बटण दाबलंत?"

"अजून नही. चांगली येळ दखी ऱ्हायनू."

देवाने पंचांग कशाला निर्माण केलं, ते मला त्या दिवशी समजलं. मी त्यांना शपथ घातली की मी येईपर्यंत फोनला हात लावायचा नाही, आणि धुळ्याची बस पकडली. अख्खा रस्ता मी मनात वाक्यं जुळवत होते. व्याह्यांना चूक दाखवायची आणि चूक म्हणायचं नाही, हे गणित मला कुणी शिकवलेलं नव्हतं.

धुळ्याला कमलताईने दारातच पकडलं. "आज अशा अचानक?" मी म्हटलं, पल्लवीची आठवण झाली. पल्लवी माहेरी, म्हणजे माझ्याच जळगावच्या घरी, दोन दिवसांपासून राहायला आलेली होती. कमलताईने माझ्याकडे असं बघितलं, जणू म्हणत होती, वयोमानाने होतं असं कधी कधी. तेवढ्यात नाना म्हणाले, "चला, तुमले गच्चीवरनी टाकी दखाडस," आणि आम्ही वर पळालो. गच्चीवर कमलताई येऊ शकत नव्हती. नानांनी त्यांचा सगळा व्यवहार दोन वर्षं गच्चीवर बसून केला होता, हे मला तेव्हा कळलं. वाईट वाटलं. तिचे गुडघे दुखत होते म्हणून त्यांना लपायला जागा मिळाली होती.

टाकीच्या सावलीत उभं राहून मी हळूच म्हटलं, "नाना, निम्मे पैसे आले तर निम्मंच ऑपरेशन होईल. एक गुडघा नवा, एक जुना. कमलताईंना काय सांगाल?"

नानांच्या डोळ्यांपुढे ते चित्र उभं राहिलं असावं. त्यांनी फोन माझ्या हातात दिला. मी निम्म्याचा रकाना पुसून लिलावाचा पर्याय निवडला आणि कमीत कमी किती हवं ते नीट लिहिलं. पण नाना अडून बसले. काम आपल्याच माणसाने केलं पाहिजे. आता मी हेमंतला फोन लावला.

हेमंत म्हणाला, "मॅडम, ऑर्डर आपल्यालाच मिळावी म्हणून आपण काहीही वाकडं करायचं नाही. तसं केलं तर गिऱ्हाइकाचं नुकसान आणि आपलं नाक कापलं जाईल. पण आपली दलाली सोडून गिऱ्हाइकाला तेवढं जास्त द्यायचं, तर ती आपली मर्जी. वाटाड्याला कळत नाही कोण तुमचे व्याही, म्हणून थोडा वेळ सगळ्यांचीच सोडावी लागेल. सोडू?"

"सोड," मी म्हटलं. नानांना सांगितलं, "आमची कंपनी तुमच्यासाठी दलाली घेणार नाही." नानांचा चेहरा खुलला. व्याह्यांचा मान राहिला होता.

खालून आवाज आला, "टाकी दखाले इतला येळ लागस का?"

"गळती शे!" नाना ओरडले आणि त्यांनी देवाचं नाव घेऊन बटण दाबलं.

आम्ही दोघं पडद्याकडे बघत उभे राहिलो. मी आयुष्यभर पोरांना सांगत आले की शक्यता म्हणजे खात्री नव्हे, आणि तिथे उभी राहून मी कुलदैवताला साकडं घालत होते. साकडं नेमकं कशाचं घालावं, तेही मला कळेना. आपण जिंकावं म्हणजे नाना खूश. पण आपल्यापेक्षा कुणी जास्त दिलं, तर कमलताईचे गुडघे खूश. शेवटी मी देवाला म्हटलं, तुला योग्य वाटेल ते कर, आणि डोळे मिटले.

डोळे उघडले तेव्हा व्यवहार झाला होता. नानांच्या अंदाजापेक्षा बरंच जास्त मिळालं होतं. दोन्ही गुडघे होऊन, दवाखान्यात चांगली खोली घेऊन, वर थोडं उरेल इतकं. मी आनंदाने टाळी वाजवणार होते, एवढ्यात नानांनी पडद्यावरच्या एका ओळीवर बोट ठेवलं. तिथे काम करणाऱ्या कंपनीचं नाव होतं. ते आमचं नव्हतं.

"हाऊ कोन?"

"माहीत नाही नाना. कुठल्यातरी लांबच्या देशातली कंपनी आहे."

मी त्यांना सांगायचा प्रयत्न केला. नेमक्या त्याच वेळी जगात कुठेतरी दुसऱ्या कुणाला नानांचंच नाणं हवं होतं, आणि नानांना जे पाहिजे होतं ते त्याच्याकडे होतं. त्या कंपनीने दोघांची थेट गाठ घालून दिली. मधे एकही दुकान आलं नाही, कुणाचं भाडं नाही, कुणाचं नाक मुरडणं नाही. याच्यापेक्षा चांगली वाट असूच शकत नाही. वाटाड्याने दलाली सोडून जीव तोडला, पण त्याला दुकानांतूनच जावं लागणार होतं.

नानांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "परका मानूस मले जास्ती दि ऱ्हायना, आनि आपला मानूस कमी?"

ते खाली उतरले. मला चहा मिळाला, पण बशीशिवाय.

जळगावला पोचले तर हेमंत डोक्याला हात लावून बसलेला. मी परतीच्या बसमध्ये असताना त्याला दलाली परत चालू करायला सांगायचं विसरले होते, आणि तोही विसरला होता. त्या दुपारी वाटाड्याने जगभरातल्या अनोळखी माणसांची कामं धडाधड जिंकली आणि फुकटात करून दिली. कुणाकुणाचं भलं झालं, ते देवाला ठाऊक. हातचं गेलेलं काम एकच, माझ्या व्याह्यांचं.

ऑपरेशन ठरल्या दिवशी झालं. मी दवाखान्यात गेले तेव्हा नाना "या" म्हणाले आणि बाहेर निघून गेले. नंतर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पल्लवीला माहेरी पाठवलं, पण दरवर्षी तिच्याबरोबर येणारा त्यांचा फोन आला नाही. पल्लवी म्हणाली, "आई, तू त्यांना नेमकं काय केलंस गं? ते नुसतं म्हणतात, विचार तुझ्या आईला." सांगायचं तर कमलताईपासून लपवलेलं सगळंच सांगावं लागलं असतं. मी म्हटलं, टाकीवरून काहीतरी झालं. मुलगी माझ्याकडे तिच्या सासूसारखंच बघायला लागली. त्या दिवसांत मी हरलेल्या लिलावांचे कागद तपासायला घेतले की मला स्वतःचाच राग यायचा. या वयात, व्याह्यांना दुखावण्याइतकं काय अडलं होतं माझं त्या लिलावाच्या नियमांवाचून? आणि मग वाटायचं, अडलं होतं. निम्म्याने आलं असतं तर ती बाई आज एका पायावर उभी असती.

आखाजी होऊन गेल्यावर एका सकाळी ऑफिसच्या जिन्यावर पावलं वाजली. संथ, पण न थांबता. दारात कमलताई उभी होती. हातात काठी नाही, कुणाचा हात नाही. जिना चढून आली होती आणि कुणालाही हाक मारत नव्हती.

"कुठं शे तो तुमना वाटाड्या?" ती म्हणाली.

हेमंतने अदबीने सांगितलं की तो इथे नसतो, परदेशात असतो. कमलताईने क्षणभर विचार केला, पिशवीतून करंडा काढला आणि हेमंतच्या लॅपटॉपच्या झाकणाला कुंकू लावलं. हेमंतने ते आजही पुसलेलं नाही.

मग ती बसली आणि हसत सुटली. दवाखान्यात तिच्या उशाशी बसून नाना रोज माझ्याविषयी धुसफुसायचे. का, ते सांगायचे नाहीत. एके दिवशी तिनेच खोदून खोदून विचारलं, तेव्हा भडाभडा बोलायला लागले: आपल्या माणसाने कमी दिलं, परक्याने जास्त दिलं.

"तक्रार सांगाना नादमा बठ्ठं सांगी टाकं त्यासनी. बँक, नाणं, गच्ची, बठ्ठं. सांगी झायं, मंग त्यासना ध्यानमा उनं."

"तुम्हाला राग नाही आला?"

"भलता राग उना व्हता. घर येवावर दोन दिन बोलनंच बंद करं मी. पन मंग इचार करा. त्या परकानी जास्ती दिधं, ते मना गुडघामा शे. तुमना वाटाड्या हारना म्हणीसन मना गुडघा चालाले लागनात. मंग रुसानं कोनी, आनि कोनवर?"

तिने पिशवीतून दोन डबे काढले. दोन्हीत ज्वारीचे बिबडे, आमच्याकडचे उन्हात वाळवलेले पापड, तिने स्वतः उभं राहून घातलेले.

"हाऊ डबा तुमले. आनि हाऊ त्याले."

"कुणाला?"

"त्या परकाले. मी त्याले कुठं शोधू? म्हणीसन तुमनाकडे यावं लागनं."

इतकी वर्षं आम्ही लाखो माणसांच्या वाटा शोधल्या असतील. जिंकलो तरी गिऱ्हाईक आमच्या नावाची ओळ वाचत नाही आणि त्याचं नाव आम्हाला कळत नाही. या धंद्यात मला काही सलत असेल तर तेच. कॉलेजात पगार मिळायचा नाही वेळेवर, पण पोरं रस्त्यात भेटली तर नमस्कार करायची. इथे आजवर एकच गिऱ्हाईक जिना चढून आभार मानायला आलं, आणि तेही ज्याचं काम आम्ही हरलो ते.

एवढ्यात नाना वर आले. ते खाली दुकानात ठिबकच्या नळ्यांचे भाव विचारत उभे होते, शेत नसताना. त्यांनी माझ्याकडे न बघता हेमंतला म्हटलं, "पुढली खेपले हारू नका."

"पुढली खेप व्हवाव नही," कमलताई म्हणाली. "फोन आते मनाजोडे शे."

नाना हसले. मला वाटतं, ते पल्लवीच्या लग्नानंतरचं पहिलं हसू असावं ज्याची मला भीती वाटली नाही.

हेमंतने त्या कंपनीला पत्र लिहिलं. ते आमचे प्रतिस्पर्धी, रोज आमच्या तोंडचा घास काढून नेणारे. त्यांना लिहिलं की धुळ्याची एक बाई तुमच्यामुळे जिने चढते आहे आणि तिने तुमच्यासाठी बिबडे पाठवलेत. आठवडाभर उत्तर नाही. मग आलं. कुणा मुलीने लिहिलं होतं, "पलीकडे कोण असतं, ते आम्हाला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. आम्ही सगळ्यांनी तुमचं पत्र वाचलं." खाली पत्ता होता आणि त्याखाली विचारलं होतं, बिबडे तळायचे की भाजायचे?

मी डबा नीट बांधला आणि कुरिअरवाल्याकडे नेला. त्याने वजन केलं, देशाचं नाव बघितलं आणि स्वस्तातला, मधला, महागातला असे दर सांगायला लागला. मी त्याला थांबवलं आणि म्हटलं, सगळ्यात आधी आणि न मोडता पोचेल तसं पाठव. पोचवायचा खर्च बिबड्यांच्या किमतीच्या कितीतरी पट झाला. आमच्या वाटाड्याने ही ऑर्डर कधीच घेतली नसती.